एक जूनचे जुळे

मायाप्पा सरगर आणि धोंडीराम सरगर हे सख्खे भाऊ एकाच दिवशी जन्मले होते आणि त्यांच्यात चार वर्षांचं अंतर होतं. मधे एक बहीणही होऊन गेली होती. आटपाडीकडच्या लिंगीवाडीत याचं कुणाला काही वाटत नसे. त्या गावातली साठीपुढची निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलेली होती. बाकीच्या निम्म्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. बहात्तरच्या दुष्काळात सरगरांची बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, तिथेच खडीच्या ढिगामागे मायाप्पा जन्मला. धोंडीराम आला शहात्तरला. मायाप्पाचं शाळेचं वय झालं तेव्हा बाप म्हणाला, "एवढ्या लांब एकट्यानं कशाला जायाचं? धोंड्या जरा चालाय लागू दे. मग दोघं मिळून जावा." मायाप्पा थांबला. थांबता थांबता त्याने बरीच मेंढरं राखली. शेवटी एका जूनमध्ये बापाने दोघांना आंघोळ घालून गुरुजींपुढे उभं केलं. एक होता आठ वर्षांचा, एक चार वर्षांचा. नियम सहाचा होता. गुरुजी गणित शिकवायचे. त्यांनी सरासरी काढली आणि दोघांची जन्मतारीख लावली एक जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

पुढे चौसष्ट वर्षं या सरासरीने कुणाचंही काही बिघडवलं नाही. दोघं एका वर्गात शिकले. मायाप्पा डाळिंबाच्या बागेत गेला, धोंडीराम पाटबंधारे खात्यात कारकून झाला. दोघांचे वाढदिवस एकाच केकवर साजरे व्हायला लागले, म्हणजे पोरं शहरात गेल्यावर आणि केक गावात आल्यावर. त्या दिवशी धोंडीराम दादाच्या पाया पडायचा आणि पाहुण्यांना ते कौतुकाचं वाटायचं, की जुळा असूनही किती मान देतो.

बिघडलं ते धोंडीरामच्या साखरपुड्यात.

धोंडीरामची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. आता तो विट्याच्या प्रमिलाबाईंशी लग्न करणार होता. बाई निवृत्त शिक्षिका, त्याही एकट्या. कागदावर सत्तरीच्या माणसाने लग्न करावं ही कल्पना धोंडीरामला स्वतःहून सुचली नव्हती. ती त्याला एका यंत्राने सुचवली होती, पण ते पुढे येईलच. तर साखरपुड्याच्या दिवशी वडीलधारा म्हणून मायाप्पाने पाटावर बसायचं होतं. तो सकाळपासून तीनदा घरामागे जाऊन आला होता. चौथ्यांदा गेला तो आलाच नाही. धोंडीराम बघायला गेला तर दादा डाळिंबाच्या झाडाला धरून उभा, कपाळावर घामाचे थेंब, आणि पोट ढोलकीसारखं टणक.

"हुईना व्हय?" धोंडीरामने विचारलं.

"कालपास्नं."

"काल का न्हाई बोललास?"

"तुझा साखरपुडा हुता की. म्हटलं, उरकू दे. थांबू."

मायाप्पा थांबण्यात पटाईत होता.

अंगठी घाईघाईने उरकून जीप मिरजेला नेली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मायाप्पा डोळे मिटून घेत होता आणि त्या रस्त्याला खड्डे भरपूर होते. दवाखान्यात सिस्टरने नळी घातली. पिशवी भरली, रिकामी करून पुन्हा लावली, पुन्हा भरली. मायाप्पाच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की सिस्टरला दुसरीकडे बघावं लागलं.

"धोंड्या," तो म्हणाला, "आता मेलो तरी चालंल."

लेझरच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. धोंडीरामने दादाला धीर दिला. धीर देण्याचा त्याला अधिकार होता, कारण वर्षापूर्वी त्याच खोलीत त्याचंही तेच ऑपरेशन झालं होतं.

ऑपरेशन आता काही अवघड राहिलेलं नव्हतं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. लघवीची वाट तिच्या मधून जाते. वय वाढलं की ग्रंथी फुगते आणि वाटेला आवळते. काहींचं नुसतं अडखळतं, काहींचं एके दिवशी पूर्ण बंद होतं. पूर्वी डॉक्टर तारेने खरवडून वाट मोकळी करायचे. मग लेझर आला. डाळिंबाची साल तशीच ठेवून आतले दाणे सुटे करावेत तसा तो ग्रंथीचा आतला भाग सोलून काढतो, आणि सोलता सोलता रक्तही थांबवतो. दोन-तीन दिवसांत माणूस नळीशिवाय घरी.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे कुणाला तरी वाफेची कल्पना सुचली.

लेझरने पेशी जळते तेव्हा तिची वाफ होते. ही वाफ इतकी वर्षं वाया जात होती. नव्या यंत्रात ती एका केसासारख्या नळीने ओढून घेतात आणि तिच्यातला एकेक रेणू मोजतात. सुरुवातीला हेतू एवढाच होता की कुठे कॅन्सर असला तर तिथल्या तिथे कळावं. ते कळायला लागलं. पण त्यासोबत आणखीही एक गोष्ट कळायला लागली. माणूस जगतो तसतशा त्याच्या पेशींवर वयाच्या खुणा साचतात, बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून क्षार धरावेत तशा. क्षार किती जाड आहे त्यावरून हंडा किती वर्षं वापरला ते सांगता येतं. हंड्याचं वय आधीच माहीत असेल तर तो जपून वापरलाय की आदळआपट करून, हेही सांगता येतं. आणि तो कधी फुटेल हे सांगायला फक्त काही लाख फुटलेले हंडे लागतात. तेवढी माणसं तोवर मेलेली होती. यंत्राचा अभ्यास झाला.

अशा रीतीने पडद्यावर एक आकडा यायला लागला. त्याला 'शिल्लक' म्हणत.

शिल्लक आल्यावर नियमही आला. लेझर थोडे, रांग लांब. ज्याची शिल्लक दीड वर्षाच्या आत, त्याच्यावर लेझर खर्च करायचा नाही. त्याला नळी. यंत्र कुणाला मरायला सांगत नव्हतं, ते फक्त रांग लावत होतं. पहिल्या काही आठवड्यांत ते आकडा थेट पेशंटला सांगायचं. मग नातेवाइकांनी पडदे फोडले. आपल्याकडे आजाऱ्याला असलं काही सांगायची पद्धत नाही. तेव्हापासून यंत्रात 'घरच्यांना कळवा' अशी सोय झाली आणि पडदे शाबूत राहिले.

धोंडीरामची शिल्लक निघाली होती चोवीस वर्षं. कागदावर एकोणसत्तरचा माणूस आणि पेशी सदुसष्टच्या. त्या खरोखरच सदुसष्टच्या होत्या, पण हे यंत्राला कोण सांगणार? यंत्राला वाटलं, हा माणूस भलताच सावकाश म्हातारा होतोय. दवाखान्याने त्याचा फोटो काढून वाट बघायच्या खोलीत लावला, खाली मजकूर, 'चोवीस वर्षांची उमेद'. धोंडीराम त्या फोटोखाली उभं राहून स्वतःचा आणखी एक फोटो काढून आला. तो सगळ्यांना पाठवला, त्यातला एक प्रमिलाबाईंपर्यंत गेला. आधी निवृत्त झालेला, विधुर, गुडघे दुखणारा असा धोंडीराम होता. आता तो चोवीसवाला झाला. त्याने केसांना कलप लावला. चोवीस वर्षं एकट्याने काढायची म्हणजे फार होतात, हे त्याला तेव्हा सुचलं.

मायाप्पाच्या ऑपरेशनच्या दिवशी सुलावहिनी, म्हणजे मायाप्पाची बायको, बाहेर बाकावर जप करत बसली होती. धोंडीराम आपल्या फोटोखाली बसला होता. अर्ध्या तासात त्याला डॉक्टर बरगालेमॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बाई तरुण, बोलायला मऊ.

"यंत्र थांबलं," त्या म्हणाल्या. "वाफेवरून शिल्लक सात महिने आली. दीड वर्षाच्या खाली ते लेझर चालूच ठेवत नाही. नळी परत घातलीय."

धोंडीरामला पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. "दादाला? त्यो तर बागेत फवारणी करतोय अजून."

"कॅन्सर नाहीये. दुसरंही काही दिसत नाही. तसे ते वयापेक्षा दोन-अडीच वर्षांनी जास्त झिजलेले वाटतात. तेवढं चालतं, तेवढ्यावर यंत्र कुणाला सात महिने देत नाही. पण ते जुळ्यांचा ताळा घेतं. जुळ्यांचं शरीर एकाच मातीचं असतं. तुमच्या पेशी गेल्या वर्षी इथेच मोजल्यात. एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांत चार-साडेचार वर्षांचा फरक पडतोय, म्हणजे एकाला आत काहीतरी पोखरतंय, असा त्याचा हिशेब."

धोंडीरामने तोंड उघडलं. सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. मॅडम, आम्ही जुळे न्हाई, गुरुजींनी सरासरी काढली. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"जुळेपणाची नोंद चुकीची असेल तर रद्द करता येते," मॅडम म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे वडीलही एक जूनचे होते. "पण ते दुसऱ्या जुळ्यानेच सांगावं लागतं. पेशंट आपल्या फायद्याचं बोलेल म्हणून त्याचं धरत नाहीत."

"आणि मग?"

"मग दोघांचीही फेरमोजणी होते."

"दोघांची?"

"तुमचीही."

धोंडीरामने तोंड मिटलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "समजा हां, नुसतं समजा. माझी किती भरंल?"

"समजा तुमचं वय दोन वर्षांनी कमी असेल, तर तुमच्यात जगावेगळं काही उरत नाही. चौदा-पंधरा वर्षं. चांगलीच आहे ती."

चांगलीच होती. पण चोवीसच्या फोटोवरून ठरलेलं लग्न चौदावर टिकेल का, याचा धोंडीराम विचार करू लागला. प्रमिलाबाईंनी एक नवरा पोचवलेला होता. भेटीत त्या एकदा म्हणाल्या होत्या, मला पुन्हा कुणाचं करत बसायची ताकद नाही. आणि आता साखरपुडा झालेला होता.

"तुम्ही जुळेच ना?" मॅडमनी विचारलं.

"व्हय."

"मोठे कोण?"

"त्यो."

"कितीने?"

"थोडक्यानं," धोंडीराम म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना खूण करायचा अधिकार होता, शंका घ्यायचा नव्हता. त्यांनी 'जुळे' या रकान्यात खूण केली.

"तुमी हातानं करा की. जुन्या पद्धतीनं," धोंडीराम म्हणाला. एवढं तरी त्याने म्हटलं.

"तारेची पद्धत शिकवणारे सगळे निवृत्त झाले. आणि दुसऱ्या दवाखान्यात नेलंत तरी यंत्राचा मेंदू सगळीकडे एकच आहे."

बाहेर येऊन त्याने वहिनीला आकडा सांगितला, आणि दोघांनी मिळून दादाला काय सांगायचं नाही ते ठरवलं.

लिंगीवाडीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून माणसं शहाळी घेऊन यायला लागली. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि लघवीचा त्रास म्हटल्यावर शहाळं, हे सगळ्या गावाने आपापलं ठरवलं. ज्या माणसाला पिशवीत लघवी करायची होती त्याला गावाने दिवसभर पाणी पाजलं. सुलावहिनीने पिशवी दिसू नये म्हणून तिला दूध संघाच्या कापडी थैलीत घातलं. मायाप्पा ती थैली काखेला अडकवून बसायचा, त्यामुळे येणाऱ्याला वाटायचं की हा आत्ताच बाजाराला निघालाय.

बांधावरून वीस वर्षं भांडणारा शेजारी शहाळं घेऊन आला आणि म्हणाला, बांध तुझाच. मायाप्पाने शहाळं घेतलं. शेजारी गेल्यावर तो धोंडीरामला म्हणाला, "लईच वाईट दिसतंय माझं."

"काय न्हाई. सूज हाय. सूज उतरली की पुन्यांदा करायचं."

"मशीन का थांबलं?"

"लाईट गेलती."

"कमरंखालीच बधिर केलतं मला, कानाखाली न्हाई," मायाप्पा म्हणाला. "एसी चालू हुता. आणि ती मशीनमधली बाई बोलली. शिल्लक अपुरी आहे. मला वाटलं, तुझ्या फोनात रिचार्ज न्हाई."

 पडदे शाबूत ठेवणाऱ्यांनी आवाज बंद करायचा विचार केलेला नव्हता.

"मग सिस्टर म्हणाली, जुळ्याचा ताळा लागंना. तवा माझ्या डोसक्यात आलं. म्या बहात्तरचा, तू शहात्तरचा. मशीनला कुठं ठावं हाय? त्येला सांगायचं. का सांगितलंस आधीच?"

"माझंच चालतंय म्हनं. जुळ्यानंच सांगाय लागतं."

"मग सांग."

धोंडीराम थैलीकडे बघत म्हणाला, "सांगतो. त्याचं काय हाय दादा, माझंबी पुन्यांदा मोजतील. कमी भरंल. बाईंच्या कानावर जाईल. लगीन तेवढं हू दे."

मायाप्पाने बराच वेळ शहाळ्यात बोट फिरवून मलई काढली. "कवा हाय लगीन?"

"तुळशीचं लगीन झालं की लगीच."

"व्हय," मायाप्पा म्हणाला. "थांबू."

त्याने दुसरं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शिवी दिली असती, तर धोंडीराम त्याच दिवशी मिरजेला गेला असता असं त्याला पुढे अनेकदा वाटलं. पण दादा थांबतो म्हणाला, आणि दादा थांबतो म्हणजे थांबतोच, हे धोंडीरामला चार वर्षांचा असल्यापासून माहीत होतं.

तुळशीचं लग्न झालं. प्रमिलाबाईंच्या मुलाला रजा मिळेना, म्हणून धोंडीरामचं पुढे गेलं. मुलाला रजा मिळाली तेव्हा हॉल मिळेना. दर वेळी धोंडीराम दादाला सांगायला जायचा आणि दर वेळी दादा विचारायचा, "बाई बऱ्या हायत न्हवं?" महिन्याला नळी बदलायला मिरजेला नेत. नळी आत राहिली की तिच्यावर जंतू घर करतात, हे मॅडमनी सांगितलं होतं. मायाप्पाला दोनदा थंडी वाजून ताप आला आणि गोळ्यांनी उतरला. वहिनीचा फोनवर बोलायचा सूर बदलत गेला. तिला वाटत होतं, सात महिने म्हणाले होते ते हेच. खाली येणारी माणसं अशीच खाली येतात. जुळेपणाचं दोघा भावांत बोलणं झालं होतं हे तिला माहीत नव्हतं. मायाप्पाने सांगितलं नाही. धाकट्याच्या लग्नात विघ्न नको.

लग्न झालं फेब्रुवारीत. मायाप्पा आला. सुलावहिनीने दूध संघाची थैली बदलून धोंडीरामच्या फेट्याच्या उरलेल्या कापडाची नवी शिवली होती, जरीची. मुंडावळ्या बांधलेला धोंडीराम आणि जरीची पिशवी घेतलेला मायाप्पा यांचा एकत्र फोटो निघाला. फोटोवाल्याला पिशवीत आहेर असेल असं वाटलं. त्याने ती पुढे धरायला लावली. मायाप्पाने धरली.

अक्षता पडल्यावर धोंडीराम पाया पडला. मायाप्पाचा हात डोक्यावर आला तो भाजत होता.

"दादा, ताप हाय तुला."

"मांडवात गरम हुतंय," मायाप्पा म्हणाला. मग अगदी हळू, "झालं न्हवं आता लगीन?"

"झालं. उद्या जातो."

"उद्या पूजा हाय की. पूजा झाली की जा."

पूजेच्या दिवशी सकाळी मायाप्पा उठवता उठेना. पिशवीत जे काही होतं ते गढूळ आणि जेमतेम होतं. पुन्हा जीप, पुन्हा तेच खड्डे. या वेळी मायाप्पा कुठल्याच खड्ड्याला डोळे मिटत नव्हता, ते मिटलेलेच होते. मागच्या सीटवर वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला धोंडीराम आणि प्रमिलाबाई, एका सीटवर दोघं, हळद न उतरलेले.

कवठेमहांकाळच्या पुढे धोंडीरामने बाईंना सगळं सांगितलं. खडीचा ढीग, गुरुजी, सरासरी, चोवीस, चौदा. मागे ऐकू जाईल याचीही त्याने पर्वा केली नाही. मागे ऐकू गेलं. वहिनीने मांडीवरचं डोकं जरा सरळ केलं, एवढंच.

बाई रस्त्याकडे बघत होत्या.

"माझ्या पहिल्या मिस्टरांची कुणी मोजलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं कशी गेली कळलं नाही."

"मला वाटलं, तुमी चोवीस बघून..."

"तो फोटो होय? त्यात तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मी म्हटलं, या माणसाकडे बघायला कुणी नाही." आणि मग थोडं थांबून, "ते खरंच होतं. का कुणी नाही, ते आता मला कळतंय."



बरगालेमॅडमनी मायाप्पाला आत घेतलं. नळीवरच्या जंतूंचं विष रक्तात गेलं होतं. धोंडीराम त्यांच्या मागे मागे जात होता. "मॅडम, आमी जुळे न्हाई. चार वर्षांचा फरक हाय. म्या खोटं बोललो. आता लिवा आणि करा लेझर."

"आता लेझर सोसणार नाही त्यांना."

"मग आधी लिवा तर."

त्यांनी त्याला यंत्रापुढे बसवलं. धोंडीरामने यंत्राकडे बघून सगळं सांगितलं. यंत्राने पुरावा विचारला. धोंडीराम म्हणाला, आई म्हणायची की तू झालास तेव्हा दादा मेंढरांच्या मागनं पळत आला. यंत्र म्हणालं, अर्ज विचारात घेतला आहे. त्या मशीनमधल्या बाईचा आवाज खरोखर गोड होता.

मायाप्पा तिसऱ्या दिवशी गेला. जायच्या आधी त्याला घटकाभर शुद्ध आली. धोंडीराम जवळ होता.

"सांगितलं म्या, दादा. सगळं सांगितलं."

"आता कशाला घाई केलीस," मायाप्पा म्हणाला. चिडून नाही. पूजा टाकून आला म्हणून म्हणत असावा.

तेराव्यानंतर दवाखान्याचा निरोप आला. संबंधित रुग्ण अंदाजाच्या मुदतीतच मरण पावल्याने अंदाज अचूक ठरला आहे, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. धोंडीरामने मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी वर लिहिलंय, पुन्हा लिहीन, पण यंत्राच्या दृष्टीने हे खातं बंद झालं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"आणि माझं?" त्याने विचारलं. "मी जुळा न्हाई, एवढं तरी लिवा."

"ते दुसऱ्या जुळ्याने सांगावं लागतं," मॅडम म्हणाल्या. मग दोघांनीही फोन धरून ठेवला. शेवटी त्यांनीच ठेवला.

सुलावहिनी त्याच्याशी बोलायची बंद झाली. बागेकडून जाताना ती पदर पुढे घेऊन वळायची. प्रमिलाबाई मात्र विट्याला परत गेल्या नाहीत. घरात राहिल्या, स्वयंपाक करायच्या, विचारलं तेवढं बोलायच्या. एका मांडवाखाली हळद आणि सुतक एवढ्या जवळ आलं की माणसं कशी बोलतात हे धोंडीरामला माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला वाटलं, असंच बोलत असतील.

मग चैत्रात एके दिवशी ताटात भाकरीवर तुपाची धार जरा जास्त पडली.

"लई झालं बाई," तो म्हणाला.

"खा हो," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. तसा मऊ आवाज त्याने अलीकडे फोनवर ऐकला होता.

दुपारी त्यांनी त्याचा शर्ट आणला आणि बटणं स्वतः लावली, खालपासून वर, एकेक. त्यांचा फोन ओट्यावर पालथा ठेवलेला होता. एरवी तो उताणा असायचा. धोंडीराम फोनकडे बघत होता हे बाईंना दिसलं आणि त्यांनी तो उचलून कमरेला खोचला.

"मिरजेस्नं काय आलंय काय?"

"छे. काय येणार?"

धोंडीराम पाटबंधारे खात्यात होता. वरच्या धरणात काही झालं की खालच्या पाटाला केव्हा कळतं, हे त्याला माहीत होतं. जुळ्यांपैकी एक गेला म्हणजे दुसऱ्याचा ताळा पुन्हा घेतला जाणार. यंत्राने घेतला असणार. आणि घरच्यांना कळवलं असणार. पद्धतीप्रमाणे.

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"बाई, आमी जुळे न्हाई. तुमाला म्या जीपमधी सांगितलंय. त्ये मोजमाप खोटं हाय."

"हो," बाई म्हणाल्या. "खोटंच आहे." आणि त्यांचे डोळे भरून आले. धोंडीरामने ओळखलं की त्यांना सगळं माहीत आहे, पटलेलंही आहे, आणि तरी आकडा आकडाच आहे. दादाचाही खोटाच होता.

संध्याकाळी बांधावरचा शेजारी आला. काखेत शहाळं होतं. "सहज आलतो," तो म्हणाला आणि धोंडीरामकडे न बघता कोयता मागितला. त्याच्या मागोमाग सोसायटीचा सेक्रेटरी आला, त्याच्याकडे दोन होती. धोंडीराम पडवीत बसून पाणी पीत गेला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. येणारे पावसापाण्याचं बोलत होते आणि मधेच गप्प होऊन त्याच्याकडे, एखादी गाडी चुकल्यासारखे, बघत होते. त्याच्या त्या दवाखान्यातल्या फोटोची कुणीही आठवण काढली नाही.

तो उठून घरामागे बागेकडे गेला. डाळिंबाला नवी फूट आली होती. ज्या झाडाला धरून दादा साखरपुड्याच्या दिवशी उभा होता त्याच्याच बाजूला तो उभा राहिला. लघवी मोकळी झाली. लेझरचं काम चोख होतं, धार चांगली होती, सरळ आणि सावकाश.

पहिलीत शाळेच्या वाटेवर धोंडीराम रोज एकदा तरी लघवीला थांबायचा. लहान होता, धरवायचं नाही. मायाप्पा दोघांच्या पाट्या आपल्या काखेत घ्यायचा, पाठ करून उभा राहायचा आणि लांब शाळेची घंटा होत असली तरी म्हणायचा, "कर सावकाश. थांबलोय म्या."

धोंडीरामचं आटपलं. तरी तो तसाच उभा राहिला. कुणी थांबलेलं असतं तर एव्हाना हाक आली असती.